खूण वाहणारी

‘स’ हे आमच्या कोशातलं सगळ्यात लठ्ठ अक्षर. आम्ही सहा जण चार वर्षं त्याच्यामागे लागलो होतो आणि ते काही संपायचं नाव घेत नव्हतं. माझ्या वाट्याला ‘से’ आला होता. ‘सेज’, ‘सेतू’, ‘सेना’ अशी मातब्बर मंडळी मार्गी लावून मी ‘सेमाफोर’पाशी आले, तेव्हा वाटलं, परका शब्द आहे, फारसे नातेवाईक नाहीत, दुपारच्या चहापर्यंत हातावेगळा होईल.

जुन्या आवृत्तीत एकच ओळ होती : ‘सेमाफोर – हलता हात असलेला सिग्नलचा खांब.’

आमचं कार्यालय म्हणजे सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या तीन खोल्या. भिंतीला लाकडी कप्पे, कप्प्यांत शब्दवार चिठ्ठ्या आणि खालून दिवसभर हवा भरण्याचा फुसफुस आवाज. मी ‘सेमाफोर’चा कप्पा ओढला. आत दोन छापील कात्रणं होती आणि एक पोस्टकार्ड. कार्ड नऊ वर्षांपूर्वीचं, अक्षर मोठं, टपोरं, ओळी फूटपट्टीनं आखल्यासारख्या.

‘संपादकांस, तुमच्या कोशात सेमाफोर म्हणजे खांब असं छापलं आहे. मी एकतीस वर्षं बंदरावर सेमाफोर होते. मी खांब नाही. कळावे.’

खाली पत्ता होता. समासात आमच्या सरांच्या बारीक अक्षरात शेरा होता : ‘पुढच्या आवृत्तीच्या वेळी पाहू.’

पुढची आवृत्ती म्हणजे आत्ताची. मी कार्ड घेऊन सरांकडे गेले. सर आमचे मुख्य संपादक. माणूस सज्जन, पण एखाद्या शब्दाला नवा अर्थ द्यायचा म्हटलं की त्यांचा चेहरा स्वतःच्या घरात भाडेकरू ठेवायला सांगितल्यासारखा होतो.

“माणसाला सेमाफोर म्हणतात?” त्यांनी विचारलं.

“या बाई म्हणताहेत.”

“एकट्या त्याच म्हणत असतील. नियम माहीत आहे ना तुम्हाला? दोन वेगवेगळी माणसं, दोन वेगवेगळे वापर, आणि एकानं दुसऱ्याच्या तोंडात घातलेला नको. दुसरा पुरावा आणा, अर्थ देऊ.”

मी जागेवर येऊन आधी शब्दाचं मूळ काढायला बसले. तिथे मात्र गंमत सुरू झाली. सव्वादोनशे वर्षांपूर्वी, तारा येण्याच्या कितीतरी आधी, फ्रान्समध्ये एका माणसानं टेकड्या-टेकड्यांवर मनोरे उभारले आणि प्रत्येकावर हलणारे लाकडी हात बसवले. एका मनोऱ्यानं हात हलवायचे, पुढच्यानं दुर्बिणीतून बघून तसेच हलवायचे. घोडेस्वाराला दिवस लागायचे तो निरोप असा तासाभरात जायचा. त्याला या यंत्राचं नाव ‘वेगानं लिहिणारा’ असं ठेवायचं होतं. एका ओळखीच्या सरकारी माणसानं सुचवलं, वेगापेक्षा अंतर मोठं आहे, ‘दूर लिहिणारा’ म्हण. तो झाला टेलिग्राफ. म्हणजे तारेशी या शब्दाचा जन्मानं काहीच संबंध नाही. थोड्याच वर्षांनी समुद्रकिनाऱ्यासाठी तसलंच पण साधं यंत्र निघालं आणि त्याला दुसरं ग्रीक नाव मिळालं. ‘सेमा’ म्हणजे खूण आणि ‘फोरोस’ म्हणजे वाहणारा. फॉस्फरसमधला फोरोस तोच. तो प्रकाश वाहणारा, हा खूण वाहणारा.

म्हणजे शब्दात खांब कुठेच नव्हता. हातही नव्हता. शब्दात होता तो नुसता वाहणारा. मी पोस्टकार्ड पुन्हा वाचलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळची बस धरली.

पत्त्यावरचं घर बंदराच्या धक्क्यासमोर होतं, दोरखंड आणि बोटीचे रंग विकणाऱ्या दुकानाच्या वर. दार पन्नाशीच्या एका बाईंनी उघडलं. कार्ड दाखवल्यावर त्यांनी ते दोन्ही बाजूंनी पाहिलं.

“कोशाकडून आलात? नऊ वर्षांनी?” त्यांनी विचारलं आणि आत वळून म्हणाल्या, “आई, तुमच्या पत्राचं उत्तर चालत आलंय.”

या सूनबाई. सासूबाई गच्चीवजा गॅलरीत खुर्चीवर बसल्या होत्या. ऐंशीच्या आसपास वय, पाठ ताठ, मांडीवर दुर्बीण. डावा हात गळ्यातल्या पट्टीत अडकवलेला. मागे भिंतीला लाल-पिवळे दोन झेंडे टेकवून ठेवले होते, इस्त्री केलेले. झेंडे धरून पसरलेल्या हातांमुळे सगळं बंदर त्यांना पंखाआजी म्हणतं, हे मला जिन्यातच दुकानदारानं सांगितलं होतं.

“बैस,” त्या म्हणाल्या. “दहा वाजता मला काम असतं. पावणेदहा झालेत. तेवढ्यात काय विचारायचं ते विचार.”

मी विचारायच्या ऐवजी सांगायलाच लागले. मनोरे, लाकडी हात, ग्रीक शब्द, सगळं. त्या मान न हलवता ऐकत होत्या.

“खूण वाहणारा,” त्यांनी शब्द तोंडात घोळवला. “वाहणारा म्हणजे कसा? नदी वाहते तसा, की हमाल वाहतो तसा?”

“हमाल वाहतो तसा.”

“मग बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “एकतीस वर्षांत हे कुणी सांगितलं नाही मला. नुसतं म्हणायचे, सेमाफोर हजर आहे का, सेमाफोरला वर पाठवा. मी समजत होते, हुद्द्याचं नाव आहे.”

सूनबाई चहा घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, “त्या वादळाचं सांगा की त्यांना.”

“त्यात काय सांगायचं. नोकरी होती.”

मग सूनबाईंनीच सांगितलं. वाऱ्यानं वायरलेसचा खांब आडवा झाला होता आणि अकरा मासेमारी बोटी परतीच्या वाटेवर होत्या. बंदराच्या तोंडाशी बुडालेलं एक जहाज सरकून वाटेत आलं होतं. या ज्या मनोऱ्यावर काम करायच्या, तिथून ते दिसायचं नाही. दिसायचं ते पलीकडच्या टोकावरच्या चौकीतून. तिथला माणूस बघून झेंड्यांनी सांगायचा, या वाचायच्या आणि वळून बोटींना सांगायच्या, डावीकडून या, थांबा, आता या. एकेक करून. दुपारी बारापासून दिवस मावळेपर्यंत. बदली माणूस पोचू शकला नाही. अकराच्या अकरा बोटी आत आल्या. दुसऱ्या दिवशी यांना वेणी घालायला हात वर जाईना, म्हणून शेजारणीनं घालून दिली.

“मी काही केलं नाही,” आजी म्हणाल्या. “बघितलं पलीकडच्यांनी, होड्या हाकल्या होडीवाल्यांनी. मी मधली. इकडचं उचललं, तिकडे ठेवलं.”

हे नम्रतेनं म्हटलेलं नव्हतं. त्यांना खरोखरच तसं वाटत होतं. मी कोशात वीस वर्षं काढली आहेत, शब्दाची इतकी चोख व्याख्या मला एकाही विद्वानानं दिलेली नाही.

दहा वाजले. आजी उठून कठड्यापाशी उभ्या राहिल्या आणि उजव्या हातात एक झेंडा घेतला. समोर अर्धा कोस पाणी, पलीकडे खडकाळ टोक, त्यावर खलाशांच्या वृद्धाश्रमाची पांढरी इमारत. सूनबाईंनी दुर्बीण माझ्या हातात दिली; झेंडे वाचायला आजींना ती लागत नव्हती. इमारतीच्या गच्चीवर टोपी घातलेला एक म्हातारा दोन झेंडे घेऊन उभा होता.

“हेच ते पलीकडचे,” सूनबाई हळूच म्हणाल्या. “चौकीतले. आता ठार बहिरे झालेत, फोन निरुपयोगी. निवृत्त झाल्यापासून रोज दहाला दोघांचं बोलणं चालतं. सगळ्या आयुष्यात समोरासमोर भेटलेत चार वेळा.”

पलीकडचे झेंडे हलायला लागले. ताठ, सावकाश, एकेका अक्षराला एक क्षण थांबून. प्रत्येक शब्द संपला की आजी उजवा हात वर तिरका करायच्या आणि खाली आणायच्या. पुन्हा शब्द, पुन्हा हात. असं पाचसात मिनिटं चाललं. मग पलीकडचे थांबले. दोन्ही झेंडे खाली धरून उभे राहिले. वाट पाहत असावेत. आजींनीही झेंडा खाली धरला होता. बऱ्याच वेळानं म्हातारा वळून आत गेला.

“काय म्हणाले?” मी विचारलं.

“नेहमीचंच. नव्या आचाऱ्याला मीठ कळत नाही, डोळ्यात थेंब घालायला लावतात.” आजी खुर्चीत बसल्या. “आणि शेवटी, तू का बोलत नाहीस.”

“तुम्ही दर शब्दाला काहीतरी करत होतात की.”

“ते ‘समजलं’. समजलं हे एका हातानं सांगता येतं. झेंड्यावर अक्षरं इंग्रजी; पहिली चार, ए ते डी, उजव्या हाताची, त्यातलंच एक ते. दोन महिन्यांपासून हा खांदा धरलाय, कोपर कमरेपासून सुटत नाही. चार अक्षरांत काय बोलणार? खोकल्यासारखं वाटतं ते. म्हणून मी आपली रोज समजलं, समजलं, समजलं.”

“पत्र पाठवा ना. पलीकडे बोट जाते.”

“मी म्हटलं होतं,” सूनबाई म्हणाल्या. “डावा हात मी होते, असंही म्हटलं. ऐकत नाहीत.”

आजी पाण्याकडे बघत होत्या. “त्यांनी मला एकतीस वर्षं दोन हातांनी बोलताना पाहिलंय,” त्या म्हणाल्या. एवढंच.

मी परतीच्या बसची वेळ बघायला लागले. कामाचा पहिला वापर मिळाला होता, दुसरा मिळायचा होता, पण त्या क्षणी तो विषय काढणं बरं दिसलं नसतं. मी पिशवी उचलली तेव्हा आजी म्हणाल्या, “थांब जरा. तू मघाशी काय म्हणालीस? हमाल वाहतो तसा?”

“हो.”

“हमालीच असेल तर खांदा कुणाचाही चालेल.” त्या सुनेकडे वळल्या. “मी उगीच दोन महिने तुझं ऐकलं नाही.”

“आता तरी ऐका,” सूनबाई म्हणाल्या. “पण आत्ता मला कणीक भिजवायचीय. हात पिठात जायचेत माझे. या आहेत ना उभ्या.”

मला आजपर्यंत वाटतं की कणीक हे निमित्त होतं.

पलीकडचे आता पुन्हा बाहेर येतील का, असं मी विचारलं. आजी म्हणाल्या, साडेदहाला थेंब घालून बाहेर येतात आणि ऊन खात बसतात, तोंड इकडेच असतं. मग तेवढ्या वेळात त्यांनी मला शिकवलं. डाव्या हाताच्या जागा : खाली, आडवा, तिरका, डोक्यावर. कोपर वाकवायचं नाही. हात पोचला की थांबायचं, डुलायचं नाही. “झेंडा फडकवू नकोस,” त्या म्हणाल्या. “मिरवणूक नाही ही.”

साडेदहाला पांढऱ्या गच्चीवर टोपी दिसली. मी आजींच्या डाव्या बाजूला, खांद्याला खांदा लावून, अर्धं पाऊल मागे उभी राहिले. आम्ही दोघींनी झेंडे जोरजोरानं वरखाली केले, लक्ष वेधण्यासाठी. टोपी एकदम उभी राहिली. आत गेली. झेंडे घेऊन बाहेर आली.

“आडवा,” आजी पुटपुटल्या. मी हात आडवा केला. “खाली. डोक्यावर. आडवा. अगं आडवा, तिरका नव्हे.” ते अक्षर चुकलं. मग चुकल्याची खूण, मग पुन्हा तोच शब्द. पाच मिनिटांत माझ्या खांद्यात कळ यायला लागली. माझं वय त्यांच्या निम्मं, झेंड्याचं वजन ते किती. तरी हात खाली घसरायला लागला. शेजारी त्यांचा उजवा हात ठरल्या जागी जाऊन असा थांबत होता, जसा भिंतीत ठोकलाय. तेव्हा मला बारा ते दिवस मावळेपर्यंत म्हणजे काय ते पहिल्यांदा कळलं. ऐकून कळलं नव्हतं.

निरोप एवढाच होता : ‘डावा खांदा गेला. दोन महिने. लाज वाटली.’

प्रत्येक शब्दाला पलीकडून ‘समजलं’ येत होतं. शेवटच्या शब्दानंतर मात्र आलं नाही.  म्हाताऱ्याचे झेंडे हलले आणि आजी शब्दाशब्दाला मोठ्यानं वाचू लागल्या.

“मूर्ख. मला. वाटलं. रागावलीस.”

त्या हसल्या. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता म्हणून त्यांनी ते झेंड्यानं पुसले.

“तुम्ही एकमेकांना अरे-तुरे करता?” मी विचारलं.

“झेंड्यावर. ‘तुम्ही’ला अक्षरं फार लागतात, हात दुखतात. समोर भेटले की आम्ही ‘अहो’च म्हणतो.”

पलीकडून आणखी काही येत होतं. आजींनी वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. “विचारतोय, हा डावा हात कोणाचा, फार अडाणी आहे.”

“सांगा, कोशाकडून आलेल्या बाईंचा.”

आम्ही ते सांगितलं. तेवढ्यात माझ्या मनात एक आलं. आपण शब्द सुचवायचा नाही, नुसतं विचारायचं. मी आजींना म्हटलं, “त्यांना विचाराल का, की नोकरीत तुम्ही कोण होतात? एवढंच. बाकी काही नको.”

आजींना माझा हेतू कळला होता. त्यांनी एक अक्षर जास्तीचं घातलं नाही. आम्ही प्रश्न पाठवला. ते ‘चौकीदार’ म्हणू शकले असते, ‘सिग्नलवाला’ म्हणू शकले असते, ‘खलाशी’ही. पहिलं अक्षर आलं. आजींनी ते उच्चारलं, “एस.”  ‘सिग्नल’चाही ‘एस’च. मग दुसरं अक्षर. मग आजी बोलायच्या थांबल्या आणि मला हातानं बघ म्हणून खुणावलं, जसं काही मला वाचता येणार होतं. शेवटी त्यांनी सबंध वाचलं.

“सेमाफोर. आणि पुढे म्हणतोय, दुसरं काय.”

सरांना मी दुसऱ्या दिवशी सगळं सांगितलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं, मग विचारलं, “लेखी आहे का?”

“लिहिलंय. झेंड्यांनी. आजींनी वाचलं, सूनबाई दारात उभ्या होत्या, मी दुर्बिणीतून बघत होते.”

“अर्ध्या कोसावरून, बहिऱ्या माणसाकडून.” सरांनी पेन्सिल उचलली. “म्हणजे तोंडात घालायची सोयच नव्हती,” ते म्हणाले आणि हसले. मग त्यांनी माझ्याकडून चिठ्ठी घेतली, ‘खांब’ हा अर्थ पहिला होता तो खोडला आणि दुसऱ्या क्रमांकावर नेला. पहिला अर्थ त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिला : ‘खुणा करून लांबवर निरोप पोचवणारी व्यक्ती.’ मी एवढं मागितलंही नव्हतं.

मला वाटलं होतं, आठवड्यातून एकदा तरी जाऊन आपण आजींचा डावा हात व्हावं. पुढच्या शनिवारी मी गेलेही, घरी आरशासमोर सराव करून. तर आजी कठड्यापाशी एकट्याच उभ्या होत्या आणि एका उजव्या हातानं भराभर बोलत होत्या. झेंडा वर जायचा, खाली यायचा, लगेच दुसऱ्या जागी जायचा. सूनबाईंनी सांगितलं, माझ्या त्या भेटीच्या दुसऱ्याच दिवशी दहा वाजता पलीकडून मोठा निरोप आला होता. म्हाताऱ्यानं रात्रभरात पद्धत बसवली होती. अक्षराला दोन हात लागतात, तर आधी उजव्याचं दाखव, मग त्याच हातानं डाव्याचं, आरशातल्यासारखं. एकेक हात पाठव, जोडून मी घेईन.

म्हणजे एका अक्षराला दोन हेलपाटे, आणि पलीकडे ब्याऐंशी वर्षांचं डोकं ते हवेत जुळवतंय. मी गॅलरीच्या दारात उभी राहून बघत होते. माझी आता तिथे काही गरज नव्हती आणि याचा मला इतका आनंद झाला होता की मला स्वतःचंच नवल वाटलं.

बोलणं संपल्यावर मी आजींना टंकलेली नोंद वाचून दाखवली. मूळ ग्रीक, सेमा म्हणजे खूण, फोरोस म्हणजे वाहणारा. पहिला अर्थ, दुसरा अर्थ. त्यांनी दोनदा वाचायला लावली.

“नावं नाही घातलीस ना आमची?”

“कोशात नावं नसतात, आजी.”

“उत्तम,” त्या म्हणाल्या. मग त्यांनी पट्टीतून डावा हात सोडवला आणि मला दाखवायला म्हणून सावकाश बाजूला उचलला. कोपर कमरेपासून वीतभर सुटलं. व्यायामाला येणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, चारेक महिन्यांत हात आडव्यापर्यंत येईल, त्याच्या वर जाईल असं वाटत नाही.

“आडव्यापर्यंत पुरे,” आजी म्हणाल्या. “मी बघून ठेवलंय. तेवढ्यात सोळा अक्षरं होतात.”